पुन्हा, अगदी तसंच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या रमजान ईदला माझा भाचा पुण्याहून जुन्नरला आला होता. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, शीरखुर्म्याच्या दोन वाट्या पोटात गेल्या आणि हा पठ्ठ्या माडीवर जाऊन लॅपटॉप उघडून बसला. मी वर गेलो. म्हटलं, "काय रे, ईदच्या दिवशीही काम?" तो म्हणाला, "मामू, एकच वस्तू दोनदा बनवतोय. दोन्ही सारख्या येत नाहीयेत. दोन आठवडे झाले." मला हसू आलं. आम्हा कवींची भीती नेमकी उलटी. दुसऱ्यांदा लिहिलेलं पहिल्यासारखंच आलं, तर आम्ही वही मिटून फिरायला निघतो. आणि हा मुलगा तेवढ्यासाठी झोप घालवून बसलेला.

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. संगणकाशी माझा संबंध टंकलेखनापुरता. पण त्या दुपारी भाच्यानं जे समजावून सांगितलं ते डोक्यातून जाईना, आणि पुढे ते माझ्याच एका जुन्या दुखण्यावर येऊन टेकलं. ते दुखणं शेवटी सांगेन. आधी त्याचं काम.

आपल्या संगणकात, मोबाइलमध्ये एक मुख्य प्रणाली असते, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिला. बाकीचे सगळे कार्यक्रम तिच्या जिवावर चालतात. ही प्रणाली माणसं लिहितात. लिहितात ती मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, जाणकाराला वाचता येते. पण यंत्राला ती तशी चालत नाही. तिचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करावं लागतं. भाचा म्हणाला, "मामू, दळण समजा. संहिता म्हणजे गहू, कंपायलर म्हणजे गिरणी. लोकांना मिळतं ते पीठ." ठरलेल्या दिवशी सगळं दळून, पोती शिवून, त्यावर आवृत्तीचा क्रमांक टाकून माल बाहेर काढायचा, त्याला ते लोक 'रिलीज' म्हणतात.

आता लिनक्सच्या घराण्यातल्या ज्या मुक्त प्रणाली आहेत, उदाहरणार्थ १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेली डेबियन, त्यांचं धान्य सगळ्या जगाला उघडं असतं. कुणीही यावं, मूठभर उचलून पाहावं. पण घरी नेताना लोक पीठच नेतात. गिरणीपाशी बसायला वेळ कुणाला आहे? मग हे पीठ त्याच गव्हाचं, मध्ये कुणी काही मिसळलं नाही, हे कळायचं कसं? पीठ चिमटीत धरून कळत नाही. एकच उपाय. तोच गहू आपण स्वतः दळायचा आणि दोन्ही पिठं ताडून पाहायची.

आणि इथेच घोडं अडतं. तोच गहू, तीच गिरणी, पण दुसरं दळण पहिल्यासारखं येत नाही.

मी विचारलं, असं का? यंत्राला काय आपल्यासारखे मूड असतात? त्यानं एकेक कारण काढून दाखवलं, आणि मला ती कारणं फार माणसासारखी वाटली. पहिला गुन्हेगार घड्याळ. प्रणाली बांधताना शेकडो ठिकाणी अमुक तारखेला, अमुक वाजता बांधली असा शिक्का आपोआप पडतो. दुपारी बांधली तर एक, तासाभरानं बांधली तर दुसरा. मग बांधणाऱ्याचं नाव, त्याच्या यंत्राचं नाव, कुठल्या फोल्डरमध्ये बसून बांधली तो पत्ता, हे सगळं पिठात उतरतं. फाइलींचा क्रम घ्या. एका फोल्डरमधल्या फाइली वाचायला सांगितल्या तर यंत्र त्या कुठल्याही क्रमानं देतं, आणि दुसरं यंत्र दुसऱ्या क्रमानं. यंत्राची भाषा कोणती ठरवलीय यावरही वर्णानुक्रम बदलतो. इंग्रजीत बसवलेलं यंत्र नावं एका रांगेत लावतं, दुसऱ्या भाषेत बसवलेलं दुसऱ्या. हेतू कुणाचाच वाईट नसतो. पण एक अक्षर जरी इकडचं तिकडं झालं तरी ताडून पाहणं संपलं. कारण मग फरक घड्याळामुळे पडला की चोरामुळे, हे कोण सांगणार?

चोर हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. केन थॉम्प्सन हे युनिक्स प्रणालीच्या जनकांपैकी एक. १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना डेनिस रिची यांच्याबरोबर मिळाला. त्या निमित्तानं केलेलं त्यांचं भाषण १९८४ मध्ये छापून आलं. त्यात त्यांनी दाखवलं की गिरणीतच खोट ठेवली तर गहू कितीही स्वच्छ असो, पिठात विष उतरवता येतं आणि गहू निवडून ते कधीच सापडणार नाही. लोकांनी वाहवा केली आणि बरीच वर्षं तो विद्वानांच्या चर्चेचा विषय राहिला.

मग २०२४ चा मार्च आला. एक्सझेड नावाची फाइली दाबून लहान करणारी आज्ञावली आहे. जगातल्या बहुतेक लिनक्स प्रणालींत ती असते. एकच माणूस फावल्या वेळात ती वर्षानुवर्षं सांभाळत होता. त्याला मदत करायला एक जण आला. कोण, कुठला, आजही कळलेलं नाही. त्यानं दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे काम केलं, विश्वास कमावला, किल्ल्या हातात घेतल्या आणि मग हजारो सर्व्हरांचं दार बाहेरून उघडता येईल अशी चोरवाट आत ठेवली. सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला दुसरंच काहीतरी मोजत असताना जाणवलं की दूरच्या यंत्रात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपल्याकडे घोडेगावची एसटी अर्धा तास उशिरा आली तरी कुणी मान वर करत नाही. हा माणूस त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्चला त्यानं सगळं जगासमोर मांडलं. डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत ते अजून उतरलं नव्हतं, चाचणीच्या आवृत्तीत आलं होतं. थोडक्यात वाचलं.

भाच्याच्या दृष्टीनं या गोष्टीचं मर्म पुढे आहे, आणि माझ्याही. विष चाचणीच्या फाइलींत दडवून सर्वांच्या डोळ्यांदेखत ठेवलेलं होतं. पण ते जागं करणारी जी कळ होती, ती सार्वजनिक नोंदवहीतल्या संहितेत नव्हतीच. ती फक्त रिलीज म्हणून वेगळ्या बांधलेल्या गाठोड्यात होती. म्हणजे वही एक सांगत होती आणि पोत्यात दुसरंच होतं. लोक वही तपासत होते आणि पोतं नेत होते. अशा वेळी पोत्यातला गहू शंभरदा दळून शंभर वेळा तेच पीठ आलं तरी उपयोग काय? दळण थेट वहीतल्या नोंदीपासूनच सुरू व्हायला हवं.

या नोंदवहीलाच ते व्हर्जन कंट्रोल म्हणतात. त्याचं भाषांतर करायला मी थोडा वेळ घालवला आणि मग लक्षात आलं की शब्द आपल्याकडे कधीचा आहे. फेरफार.

ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन आहे त्याला मी हे समजावून सांगायला नको. सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती. पण सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात जो आकडा असतो, तो फेरफाराचा. त्या आकड्यावरून गाव नमुना सहा काढायचा. तिथे लिहिलेलं असतं की अमुक तारखेला, अमुक कारणानं, वारसानं की खरेदीनं की वाटपानं, हे नाव लागलं आणि ते नाव कंसात गेलं. कुणी वर्दी दिली, कुणी नोंद घेतली, कुणी प्रमाणित केली. तिथून आधीचा फेरफार, त्याच्या आधीचा, असं मागे मागे जाता येतं. जुनं नाव खोडून फेकत नाहीत, कंस करतात. ही गोष्ट मला नेहमीच आवडत आलीय. नोंद घेणाऱ्याच्या पदाचं नाव हल्ली बदललं, लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात.

ज्या आंबेगावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळालं ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला. तिकडचा माझा एक मित्र आहे. घर कुठे होतं हे तो होडीतून बोट करून दाखवतो. पण आजोबांची कुठली पट्टी कुणाच्या बांधाला लागून होती, ती कधी आणि कशी वाटली गेली, हे तो फेरफाराचे उतारे पुढे ठेवून सांगतो. जमीन दिसत नाही, पण नोंदींची साखळी शाबूत आहे. त्या साखळीवरून हव्या त्या सालचं गाव तो माझ्यापुढे उभं करतो. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो उडालाच. "मामू, आम्ही हेच करतो. अमुक नोंदीपर्यंत मागे जा म्हटलं की त्या दिवशीची संहिता जशीच्या तशी समोर येते."

एक फरक मात्र त्यानं सांगितला, आणि तो मोठा आहे. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट नावाची नोंदवही तयार केली, आज जगात सर्वांत जास्त तीच चालते. आपल्या फेरफाराला ओळीनं क्रमांक पडतात, एकशे एक, एकशे दोन. एखाद्यानं पान बदललं आणि तोच क्रमांक टाकला तर क्रमांक काही बोलत नाही. गिटमध्ये क्रमांक मजकुरातूनच निघतो. नोंदीतला सगळा मजकूर, तारीख, लिहिणाऱ्याचं नाव आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक, हे सगळं एका गणितातून काढलं की चाळीस खुणांची एक ओळ मिळते. तोच तिचा क्रमांक. मागच्या कुठल्याही नोंदीत एक काना बदला, तिचा क्रमांक बदलेल, आणि त्यामुळे तिच्यानंतरच्या प्रत्येक नोंदीचा बदलेल. गुपचूप पान बदलण्याची सोयच नाही. तेव्हा रिलीज बांधताना ही ओळ सांगितली की कुठला गहू याबद्दल वाद उरत नाही.

पण घड्याळाचं काय? तो पहिला गुन्हेगार अजून मोकळाच होता. यावरचा तोडगा मला कवितेइतका आवडला. नेटबीएसडी नावाची एक जुनी मुक्त प्रणाली आहे. तिच्या मंडळींनी फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर केलं की दोन प्रकारच्या यंत्रांसाठी त्यांची पूर्ण प्रणाली आता हुबेहूब पुन्हा बांधता येते. घड्याळाचा पेच त्यांनी असा सोडवला, की बांधताना भिंतीवरचं घड्याळ बघायचंच नाही. संहितेच्या नोंदवहीत शेवटचा फेरफार ज्या क्षणी झाला, तोच क्षण सगळीकडे शिक्का म्हणून मारायचा. त्यांची नोंदवही गिटची नव्हे, सीव्हीएस नावाच्या जुन्या पद्धतीची होती. तिच्यात प्रत्येक फाइलीचा फेरफार वेगळा, सगळ्या गावाचा मिळून एक आकडा नाही. म्हणून सगळ्या फाइली धुंडाळून सर्वांत ताजी नोंद कुठली ते शोधणारं छोटं हत्यारही त्यांना बनवावं लागलं. डेबियनमध्ये २०१३ पासून हेच काम चाललंय. तिथेही वेळ बाहेरून नेमून देतात आणि घड्याळाला गप्प बसवतात. आज बांधा, दहा वर्षांनी बांधा, जुन्नरला बांधा की टोकियोला, त्या प्रणालीच्या लेखी वेळ एकच. तिच्यात शेवटचा बदल झाला ती.

हा नेमून दिलेला वेळ ते सेकंदांत मोजतात, १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून. माझा जन्मही त्याच सालचा. भाचा म्हणाला, "म्हणजे मामू, तुमचं वय सेकंदांत सांगायला सोपं आहे." मोजणी कुठून सुरू केली हे लिहून ठेवणं किती महत्त्वाचं, ते जुन्नरकराला वेगळं सांगायला नको. आमच्या मानमोडीच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. त्यात वर्ष कोरलंय, ४६. पण ही ४६ कुठल्या मोजणीतली, यावर विद्वान पिढ्यान् पिढ्या वाद घालत आले. आकडा दगडात पक्का आहे. फक्त आरंभ लिहायचा राहिला.

तर गहू ठरला, वेळ ठरली. राहिली गिरणी. कंपायलरची कुठली आवृत्ती, सोबतची कुठली हत्यारं, त्यांचे क्रमांक काय, हेही नोंदवून ठेवावं लागतं. नाहीतर धान्य जपलं आणि जातंच हरवलं अशी गत. मग दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या यंत्रांवर, एकमेकांशी न बोलता बांधायचं आणि निघालेल्या पिठाची तशीच खुणांची ओळ काढून ताडायची. जुळली तर बांधणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही.

हे ऐकताना मला तरावीहची नमाज आठवली. रमजानमध्ये रात्री इमाम कुरआन तोंडपाठ म्हणतात. त्यांच्या मागे पहिल्या रांगेत आणखी एक हाफिज उभा असतो, त्याला सामे म्हणतात. त्याचं काम ऐकणं. इमाम एखाद्या शब्दावर अडखळले, एखादी आयत इकडची तिकडं झाली, की तो मागून बरोबर शब्द देतो. लुकमा देणं म्हणतात त्याला. यात इमामांचा अपमान होत नाही. इमाम कितीही मोठे असोत, सामे उभा राहतोच. दोघं वेगवेगळ्या उस्तादांकडे, वेगवेगळ्या गावांत शिकलेले असू शकतात. तरी दोघांच्या छातीतला मजकूर अक्षरन् अक्षर एकच हवा. भाचा लहानपणी माझ्या शेजारी उभा राहून पेंगायचा. आता म्हणतो, "आम्हाला सामेच कमी पडतात, मामू. बांधणारे पुष्कळ आहेत."

आणखी एक उदाहरण तर आमच्या अंगणातलंच. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून उभी राहिलेली, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची. शेतांमधून त्या पांढऱ्या जाळ्या बघत आमची पोरं मोठी झाली. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीनं १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं दिसणारं आकाश पिंजून काढलं. मूळ चमूनं काही भागाचे नकाशे प्रसिद्ध केले. पण मूळ नोंदी, म्हणजे न दळलेलं धान्य, संग्रहात नीट जपून ठेवलं होतं. पुढे चार शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या एका गटानं त्याच नोंदी घेतल्या, आपल्या नव्या पद्धतीनं दळल्या आणि २०१७ मध्ये आकाशाचा नव्वद टक्के भाग आणि त्यातले सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओ स्रोत जगापुढे ठेवले. ही हुबेहूब नक्कल नव्हे, हे दुसरं दळण आहे. पण धान्य फेकून नुसतं पीठ ठेवलं असतं तर ते करता आलं असतं का? खोडदची गोष्ट मी भाच्याला ऐकवली तेव्हा त्यानं नुसती मान डोलावली. त्याला ती माहीत होती.

आता माझं दुखणं.

माझा पहिला कवितासंग्रह १९९९ मध्ये निघाला. त्यात आजोबांवर एक कविता आहे. जुन्नर एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं. जुन्नरी कागद दप्तरांत, वह्यांत जायचा आणि तो करणारी मुसलमान घराणी इथे होती. आमचं त्यातलंच एक. धंदा आजोबांच्या आधीच बसला होता, पण ते स्वतःला कागझी म्हणवून घ्यायचे. कवितेत मी तसंच लिहिलं होतं, आजोबा कागझी होते. पुस्तक हातात आलं तेव्हा छापलेलं होतं, आजोबा कागदी होते. आता कागद करणाऱ्याला मराठीत कागदी म्हणतात, नाही असं नाही. पण हल्लीच्या वाचकाला कागदी म्हटलं की कागदी फुलं आठवतात, कागदी घोडे आठवतात. एका समीक्षकमित्रानं तर आजोबा केवळ कागदोपत्रीच होते असा अर्थ लावून मला शाबासकी दिली. मी खचलो. आजोबांना जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

छापखाना पुण्यातला. नाव सांगण्यात अर्थ नाही, तो आता नाहीही. मी तिथे जाऊन भांडलो. टंकणारा म्हणाला, मला जे दिलं ते टाकलं. मुद्रितशोधक म्हणाले, माझ्याकडे आलं तेव्हा असंच होतं. मालक म्हणाले, कवितेत काय, एवढं चालतं. पंचवीस वर्षं मी सभासंमेलनांत ही गोष्ट सांगत आलो. छापखान्यानं माझ्या आजोबांना कागदी केलं, की लोक हसायचे.

त्या ईदला बोलण्याच्या ओघात मी भाच्याला म्हटलं, संग्रहाची दुसरी आवृत्ती काढावी असं मनात आहे, पण सगळं नव्यानं टाइप करावं लागेल. तो म्हणाला, फाइल असेल ना? फाइल होती. फ्लॉपीवरून कधीतरी सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर आलेली. उघडली तर सगळा कचरा, विसर्गांची आणि डॉलरच्या खुणांची जत्रा. त्या काळी प्रत्येक कंपनीचा मराठी टंक वेगळा. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरं बसवलेली. तो टंक गेला की मजकूर असून नसल्यासारखा. धान्य होतं, जातं हरवलेलं. भाच्यानं कुठूनसं रूपांतर करणारं हत्यार आणलं आणि बरंचसं वाचता येण्याजोगं झालं. फक्त माझ्या सगळ्या 'दऱ्या'ंचे 'दर्या' झाले. जुन्नरला एका रात्रीत समुद्र आला.

ते दुरुस्त करताना आणखी एक गंमत कळली. दऱ्यामधला तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही डोळ्याला हुबेहूब एकच दिसतात. पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे मजकूर, ताडून पाहताना जुळत नाहीत. काही पानं मी दुरुस्त केली होती, काही त्यानं. दोघांचे र निराळे. इतकी वर्षं मी हा र लिहितोय आणि माझ्याच पुस्तकात तो दोन जातींचा निघाला. आम्ही एक प्रकार ठरवला आणि नोंदवहीत तसं लिहून ठेवलं.

हो, नोंदवही. त्यानं माझा संग्रह गिटमध्ये टाकला. प्रत्येक बदलाला नाव, वेळ आणि एका ओळीत कारण. पुस्तकाची पानं लावणारी आज्ञावलीही फाइलीत गुपचूप घड्याळाची वेळ टाकते, तिलाही त्यानं गप्प बसवलं. त्याच्या पुण्याच्या यंत्रावर आणि माझ्या जुन्नरच्या यंत्रावर पुस्तक वेगवेगळं बांधलं आणि खुणांची ओळ जुळली, तेव्हा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. आवाजात इतका आनंद होता, मला वाटलं बढती मिळाली.

पण त्यानं एक हट्ट धरला. सुरुवात १९९९ च्या छापील मजकुरापासून नको, त्याच्याही आधीपासून हवी. "मामू, जेवढं मागे जाता येईल तेवढं." म्हणून मी ट्रंक उघडली. कच्च्या वह्या निघाल्या. टंकलेल्या पानांची एक प्रत निघाली, दुसऱ्या मुद्रिताचा गठ्ठा निघाला. आणि या सगळ्यांच्या मध्ये, पिवळ्या फोल्डरात, छापखान्याला दिलेल्या पक्क्या प्रतीची माझी झेरॉक्स. मी ती कधीच पाहिली नव्हती. पाहायची गरज काय, ती मीच लिहिली होती.

कच्च्या वहीत, १९९७ च्या पानावर, कागझी आहे. टंकलेल्या प्रतीत कागदी. दोन्ही मुद्रितांत कागदी, आणि दुसऱ्या मुद्रितावर शेजारच्याच ओळीतला ऱ्हस्व-दीर्घ मी निळ्या शाईनं सुधारलेला आहे. म्हणजे ओळ माझ्या डोळ्याखालून गेली. पक्क्या प्रतीत माझ्याच वळणदार अक्षरात, कुठलीही खाडाखोड नसलेलं, स्वच्छ लिहिलेलं आहे. कागदी.

कसं झालं सांगता येत नाही. रात्री उतरवून काढताना हात चुकला असेल. किंवा मराठी संपादकाला कागझी खटकेल असं त्या रात्री मनात येऊन गेलं असेल. दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं, आणि ते आठवत नसल्याचं मला वाईटही वाटत नाही.

भाच्यानं चारही टप्पे ओळीनं नोंदवले. वही, पक्की प्रत, टंकन, छापील. प्रत्येकाची तारीख जशी सापडली तशी. मग कागदीचं कागझी करायची वेळ आली. त्यानं शब्द बदलला, कर्सर खालच्या ओळीत नेला आणि माझ्याकडे बघितलं.

"मामू, कारण काय लिहू? छापखान्याची चूक?"

मी खुर्ची ओढून घेतली आणि ती ओळ स्वतः टाइप केली.